कोंडवाड्याची कडी

चहा ओता आधी. हा किस्सा कोरड्या घशानं सांगण्यातला नाही, आणि माझ्या बायकोसमोर सांगण्यातला तर मुळीच नाही. पंचवीस वर्षं पोलिसात काढली मी, पण त्या सोमवारी जी माती खाल्ली, तशी आधी कधी खाल्ली नव्हती.

मी मूळचा पहूरकडचा, नोकरी मात्र बरीचशी धुळे जिल्ह्यात झाली. तेव्हा शिरपूरच्या बाजूला एका मोठ्या गावात पोलीस चौकीचा प्रमुख होतो. हुद्दा सहायक फौजदार, पण गाव मला जमादारच म्हणायचं. या गावात माझी ही दुसरी खेप. पंधरा वर्षांपूर्वी साधा शिपाई असताना चार वर्षं तिथंच होतो.

आणि त्या चार वर्षांत मी एका गोष्टीसाठी प्रसिद्ध होतो. दम देण्यासाठी. चोराला नाही हो, पोरांना.

तुमच्याकडेही असेल ना ही पद्धत? पोरगं शाळेत जात नाही, आणा चौकीत. कुणाच्या शेतातली पपई तोडली, आणा चौकीत. आईबाप दारात येऊन डोळा मारायचे, "जमादार, जरा दम द्या." मग ते बाहेर टपरीवर जाऊन बसायचे आणि आत माझा प्रयोग सुरू व्हायचा. मिशी, दंडुका, टेबलावर थाप, आणि शेवटी कोठडीकडे बोट. पोरगं रडायचं, पाय धरायचं. मग मी म्हणायचो, "जा घरी, पुन्हा करू नको." खेळ खल्लास. पाच मिनिटांत काम फत्ते. मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू?

तर झालं असं की शिरपूर ठाण्याच्या साहेबांनी मला धुळ्याला दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवलं. विषय काय, तर कायदा मोडणाऱ्या लहान मुलांशी पोलिसांनी कसं वागावं. शिकवणाऱ्या बाईंनी चांगलं समजावलं. मुलाला 'आरोपी' म्हणायचं नाही, 'विधिसंघर्षग्रस्त बालक' म्हणायचं. हा शब्द मी येताना एसटीत शिरपूरपर्यंत घोकत आलो. मुलासमोर वर्दी नको, हातकडी नको, कोठडी तर स्वप्नातही नको. किरकोळ चूक असेल, पहिलीच असेल, तर समज द्यायची आणि आईबापाच्या हवाली करायचं. मी प्रमाणपत्र घेऊन आलो आणि चौकीत खुर्चीच्या मागे चिकटवलं.

सोमवारी सकाळी दहाला चिंधा आबा त्यांच्या नातीला घेऊन चौकीत आले. नात रेणू, वय नऊ. आईबाप सुरतला कापडाच्या कारखान्यात, आणि घरात ही दोघं आणि एक बकरी.

पोरीनं पहाटे कोंडवाड्याची कडी काढली होती. कोंडवाडा म्हणजे मोकाट जनावरं कोंडायची ग्रामपंचायतीची जागा. तिची बकरी आदल्या दिवशी कुणाच्या तरी कपाशीत शिरली म्हणून आत गेली होती. पोरीनं तिला सोडवलं, पण दार लावायला विसरली. मग सात बकऱ्या, दोन गाढवं आणि एक म्हैस गावात. म्हैस थेट शाळेच्या व्हरांड्यात. ग्रामपंचायतीचा शिपाई तक्रार घेऊन माझ्या आधीच चौकीत येऊन गेला होता.

मी म्हटलं, आली संधी. आतल्या खोलीत जाऊन वर्दी काढली, चौकड्याचा शर्ट घातला, रेणूसमोर बसलो आणि आबांना सगळं प्रशिक्षण ऐकवलं. "आबा, लेकराची पहिलीच चूक आहे. समज द्यायची आणि सोडून द्यायचं. कायदाच तसा आहे."

रेणू टक लावून ऐकत होती. आबांचं तोंड मात्र पडलं.

"जमादार, ते बठ्ठं राहू द्या. हिले दम द्या. आज कोंडवाडा उघाडा, उद्या काय करी?"

"आबा, आता तसं चालत नाही."

"मना धाक राह्यना नही हिले. तिना माय-बाप दूर शेतस. मी कितला दिन पुरसू?" आबांचा आवाज ओला झाला. "आनि ती वर्दी घाला. या शर्टले कोन घाबरस?"

आता काय करायचं? एकीकडे प्रमाणपत्र, एकीकडे म्हातारा रडकुंडीला आलेला. आणि खरं सांगू का, शर्टाचं बोलणं मला लागलं. म्हटलं, थोडासा. अगदी थोडासा दम. आबांना टपरीवर पाठवलं आणि वर्दी चढवली.

मग काय, जुना गडी एकदा फडावर उतरला की थांबतो थोडाच? टेबलावर थाप मारली. "कडी काढतेस? जनावरांना कोंडवाडा असतो, तसा माणसांनाही असतो. ती बघ कोठडी. जा, आत जाऊन बस. मी सांगेपर्यंत हलायचं नाही. तोंडातून शब्द काढायचा नाही. कुणीही हाक मारली तरी."

आता ती रडणार, पाय धरणार, आणि मी म्हणणार, जा घरी. पण रेणू रडली नाही. नुसती बघत राहिली. आणि तेवढ्यात फोन वाजला. हायवेवर टँकर उलटला होता. मी टोपी उचलली, गावातल्याच होमगार्ड पंकजला मोटरसायकल काढायला सांगितली आणि निघालो.

दुपारी एकला परत आलो, तर चौकीसमोर पन्नासेक माणसं.

आबा पुढे आले. त्यांच्या हातात रेणूची चप्पल होती. लहानशी, निळी, एका पट्ट्याला दोरा बांधलेली.

"मनी नात कोठे शे, जमादार?"

आबा तासभर टपरीवर थांबले, मग आत डोकावले तर चौकी रिकामी. हाका मारल्या, उत्तर नाही. घरी गेले, तिथं नाही. शाळेत नाही, मावशीकडे नाही. चप्पल चौकीच्या पायरीवर सापडली. म्हणजे पोरगी अनवाणी पळाली, असं सगळे म्हणत होते.

"काय सांगं तुम्ही तिले?" आबांनी विचारलं.

"मी तर जा घरी म्हणालो," मी म्हटलं. आणि शपथेवर सांगतो, मला तसंच आठवत होतं. इतक्या वर्षांचा प्रयोग, शेवटचं वाक्य आपोआप यायचं. त्या दिवशी ते आलंच नव्हतं, हे माझ्या डोक्यातच शिरलं नाही.

साहेबांना फोन केला. हरवलेलं मूल म्हटल्यावर लपवून चालत नाही. ते फक्त एवढंच म्हणाले, "निघालो."

आम्ही शोधायला लागलो. आधी कोंडवाड्यामागची विहीर. पंकजनं गळ टाकला, मी कठड्याला धरून उभा. गळ वर यायला लागला की माझे डोळे मिटायचे. दोनदा नुसता गाळ आला, एकदा फाटकी गोणी. मग पाटाच्या कडेनं चाललो. मग हायवे, जिथं ट्रक थांबत नाहीत. मग स्टँड, कारण कुणीतरी म्हणालं, पोरगी सुरतच्या गाडीत बसली असेल आईकडे जायला. कंडक्टरांना फोन झाले, पण कुणीच पाहिली नव्हती.

आबा माझ्यासोबत चालत होते. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. चप्पल त्यांनी हातातून सोडली नव्हती. त्यांच्यामागे ती बकरी, सगळ्या भानगडीची धनीण, कुणी हाकललं तरी हटत नव्हती.

मी मनातल्या मनात सगळ्या देवांना कबुली देत होतो. नऊ वर्षांचं लेकरू मी घाबरवलं होतं. तेही शुक्रवारी शिकून, सोमवारी. तिला काही झालं असतं, तर मी त्या म्हाताऱ्याला काय तोंड दाखवणार होतो? सुरतला फोन कोण करणार होतं?

साडेतीनला साहेबांची जीप चौकीसमोर उभी राहिली. मी धावत आलो, मागे आबा, मागे बकरी, मागे अर्धं गाव. साहेबांनी विचारलं, "शेवटचं कुणी पाहिलं?"

"मी, सर."

ते पुढचं विचारणार, तेवढ्यात बकरी सगळ्यांच्या पायांतून वाट काढत थेट चौकीत शिरली.

आता आमची कोठडी कशी होती ते सांगतो. वर्षानुवर्षं तिच्यात माणूस नव्हता. कुलूप केव्हाच हरवलेलं, नुसती कडी. आत जप्त केलेल्या डीजेचे चार पुरुषभर उंच स्पीकर उभे. बकरीनं पुढचे पाय गजांवर टेकवले आणि ओरडायला लागली.

स्पीकरच्या मागून दबका आवाज आला.

"चूप बस. बोलानं नही, जमादारनी सांगेल शे."

गजांतून हात घालून तिनंच लावून घेतलेली कडी मी ओढली. स्पीकर आणि भिंतीच्या मधल्या जागेत रेणू मांडी घालून बसली होती. घामानं चिंब, डोळे झोपेचे, फ्रॉकला धूळ. आबा तिथंच खाली बसले आणि तिला कुशीत ओढून हमसून रडले. मलाही भरून आलं, पण माझ्याकडे बघायला कुणाला वेळ होता?

"रेणू, आबांनी एवढ्या हाका मारल्या, ओ का दिली नाहीस?" मी विचारलं.

"तुम्हीच सांगेल व्हतं. कोनी हाक मारी तरी बोलानं नही."

आणि ती चप्पल? शाळेत जाताना काढतात तशी तिनं पायरीवर नीट काढून ठेवली होती. म्हणजे पोरगी आत आहे. पंचवीस वर्षांची नोकरी, पण दारातली चप्पल मला वाचता आली नाही.

साहेबांनी टोपी काढली, जमिनीवर तिच्यासमोर बसले, पाणी दिलं. कडी का काढली, विचारलं.

"बकरीनं पिलू घर वरडी राह्यनं व्हतं. त्याले दूध कोन पाजी?"

साहेब म्हणाले, "आबा, घेऊन जा हिला. ग्रामपंचायतीशी मी बोलतो. बेटा, पुढच्या वेळी कडी काढायच्या आधी आम्हाला सांग. आम्ही येऊ." झालं. एवढंच. आवाजही चढवला नाही, आणि पोरगी लगेच मान हलवून हो म्हणाली.

मग ते उठले आणि माझ्याकडे वळले. खुर्चीमागचं प्रमाणपत्र त्यांनी पहिल्या ओळीपासून सहीपर्यंत वाचलं.

"जमादार, पाच तास. नऊ वर्षांची मुलगी. कोठडीत. काय करू मी तुमचं?"

बाहेर पन्नास माणसं दारखिडकीतून बघत होती.

रेणू आबांच्या कुशीतून उठली आणि तिनं साहेबांच्या बाहीला धरलं.

"साहेब, यास्ले रागावू नका. यास्नी पहिलीच चूक शे. समज द्या आनि सोडी द्या. कायदाच तसा शे."

साहेबांच्या मिशीखाली काहीतरी हललं. त्यांनी मला विचारलं, "पहिलीच का हो, जमादार?"

उत्तर दारातून आलं. दूधवाल्या भटूनं हात वर केला. मग किराणा दुकानदाराच्या पोरानं. मग सलूनवाल्यानं, वायरमननं, कडेवर लेकरू घेतलेल्या एका बाप्यानं. पंधरा वर्षांपूर्वीची माझी सगळी गिऱ्हाइकं, एकेक करून.

मी आधारासाठी डावीकडे पंकजकडे पाहिलं. होमगार्डची टोपी सावरत, माझी नजर चुकवत, त्यानंही हळूच हात वर केला.