नववा अवतार आणि तायडे मिस्त्री

सुरतेच्या बमरोलीत बुद्धजयंतीच्या सभेत मी बुद्धाला विष्णूचा नववा अवतार म्हणालो. पाऊण तास आधी त्याच सभेत मी सगळ्यांबरोबर उभं राहून बावीस प्रतिज्ञा म्हटल्या होत्या, आणि असं कधी मानणार नाही ही त्यातलीच एक. माझा आवाज जरा मोठाच लागला होता, असं मागाहून कळलं.

मला तिथे नेलं होतं तायडे मिस्त्रींनी. अकोल्याकडचा माणूस. लूमच्या खात्यात, म्हणजे कापडाच्या कारखान्यात, यंत्रं दुरुस्त करायचा आणि दर रविवारी विहारात पोरापोरींना पाली शिकवायचा. बँकेत माझ्या काउंटरवर आले, की मी त्यांना इतिहास ऐकवायचो. ब्राह्मणांनी बौद्धांचं काय केलं, काय नाही केलं, सगळं मला ठाऊक. मिस्त्री डोळे बारीक करून एवढंच विचारत, "वाचलं का आयकलं, जोशीभाऊ?" मी विषय बदलत असे.

जोशाला भाषणाला बोलवायचं म्हटल्यावर विहाराची कमिटी बिथरली. मिस्त्रींचं म्हणणं, पाठीमागून शिव्या द्यायला अक्कल लागत नाही, समोर बसवून विचारा. काही वेडंवाकडं झालं तर वर्ग सोडीन, असं ते बोलून बसले. अकरा वर्षं चालवलेला वर्ग. ही पैज मला सभेनंतर कळली. आधी कळली असती तरी मी तेच बोललो असतो, कारण मला ते दोन्ही धर्म जुळवून आणणारं वाटत होतं.

माझं वाक्य संपलं आणि मागच्या रांगा उठायला लागल्या. मिस्त्री सावकाश माइकपाशी आले. तोच प्रश्न. "ऐकलंय," मी म्हणालो. मग ते सभेकडे वळले. सारिपुत्त, मोग्गल्लान ब्राह्मणाघरचेच, त्यांनी सांगितलं. पटलं म्हणून आले. कितीतरी ब्राह्मण बुद्धाशी वाद घालायला यायचे, तोही प्रत्येकाला उत्तर द्यायचा.

"मंग पुढच्या पिढ्यायले वादात काई जमलं नाई," मिस्त्री म्हणाले, "म्हून त्यायनं त्याले देव्हाऱ्यात बसवलं. देव्हाऱ्यातला उलटून बोलत नाई."

माणसं खाली बसली. पण कमिटीला शब्दाची आठवण होती, आणि मिस्त्रींना त्याहून जास्त. पुढच्या रविवारी त्यांनी विहाराची किल्ली देऊन टाकली. धागा तुटला की लूम थांबवायचा, ओढत न्यायचा नाही, ही त्यांची खात्यातली रीत. तिथेही तीच लावली.

त्याच्या पुढच्या रविवारी सकाळी दहाला ते पिशवीत पुस्तकं घेऊन माझ्या दारात. वेळ मोकळा झालाय, म्हणाले. चार वर्षं त्यांनी मला शिकवलं. मी पाठ विसरायचो, ते पुन्हा पहिल्या पानावर जायचे. रागावल्याचं आठवत नाही. चहा मात्र बिनसाखरेचा घ्यायचे, तेव्हा आतून चिडत नसतील याची खात्री देता येत नाही.

अठ्ठ्याण्णवात त्यांचं खातं बंद पडलं आणि गावी परतायचं ठरलं. निरोपाला गेलो तेव्हा मिस्त्री पुस्तकं बांधत होते. वहिनी गोधड्यांचं गाठोडं आवळत होत्या. बुद्धाचं एक अख्खं सुत्त माझं मूळ पालीत वाचून झालं, असं मी मिस्त्रींना जरा ऐटीत सांगितलं.

वहिनींनी गाठ दातांनी ओढली. "साठ पोरायचा वर्ग गेला तुमच्यापायी, भाऊ. आन् बदल्यात भेटला तो एकच, तोबी ढ."