अप्पांचा हात

तंजावरला बसस्टँडमागे सीड्यांची डीव्हीडी करून देणारे एक गृहस्थ होते. नाव विचारायचं राहूनच गेलं. दुकानात भरदुपारीही निळसर अंधार. माझ्या लग्नाच्या दोन सीड्या त्यांनी नेसलेल्या वेष्टीच्या, लुंगीसारख्या धोतराच्या टोकानं, लेकराचं तोंड पुसावं तशा पुसल्या आणि सबंध बघितल्या. पहिली संपते तेव्हा माझ्या वडिलांचा, अप्पांचा अक्षता टाकणारा हात वर असतो. तो खाली येतो दुसरीत. अप्पा आता नाहीत.

"अक्का, इतकी वर्षं हात वरच ठेवलात त्यांचा," ते तमिळमध्ये म्हणाले, "दुखला असेल हो." आणि दोन्ही सीड्या त्यांनी एकाच डीव्हीडीत जोडल्या.

घरी लावली. अप्पांचा हात वर गेला, तशी आई सवयीनं सीडी बदलायला उठली. ती टीव्हीपाशी पोचली, आणि अक्षता तिच्याच अंगावर पडल्या.