साडभाऊंची स्टेपनी

माझ्या साडभाऊंनी मला फसवलं. एकदा नव्हे, सलग एकेचाळीस दिवस, रोज दुपारी दीड ते अडीच, माझ्याच शेडमध्ये, माझ्याच खुर्चीवर बसून आणि माझाच चहा पिऊन. हे आधी लिहून ठेवतो, कारण पुढे मी त्यांचं कौतुक करणार आहे आणि कौतुकाच्या भरात मूळ तक्रार वाहून जायला नको. मी जुने मोटरपंप, जनरेटर, पाइप, कपाटं असा वापरलेला माल घेतो आणि विकतो. सायकलच्या हँडलला कंगवे आणि आरसे बांधून बाभुळगावच्या आठवडी बाजारात उभा राहिलो, तिथपासून आज स्वतःच्या पत्र्याच्या शेडपर्यंत पोचलो, ते कुणाकडून फसलो नाही म्हणूनच. यवतमाळचे मुरलेले दलाल माझ्या शेडमध्ये शिरले की आधी पाणी मागतात. असा मी फसलो, आणि तेही एका रिटायर कंडक्टरकडून, ज्यांच्याइतका सरळ माणूस अख्ख्या जिल्ह्यात दिवा घेऊन शोधला तरी सापडणार नाही.

साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. यवतमाळ-उमरखेड रस्त्यावर त्यांची सगळी नोकरी गेली. नोकरी सुटली, पण ते गाडीतून अजून उतरलेले नाहीत. लग्नाच्या पंगतीत ते शिरले की "सरका थोडं, मांगं जागा आहे" म्हणत वीस माणसांच्या रांगेत सव्वीस माणसं बसवतात आणि कुणाचाही गुडघा कुणाला लागत नाही. कुणाच्या दाराची कडी ते वाजवत नाहीत. खिशातलं नाणं काढून चौकटीवर दोनदा टकटक करतात. एक टक म्हणजे थांबा, दोन टक म्हणजे चला, एवढ्यावर त्यांचा संसार चालतो. मोठ्या मेहुणीचा राग चढायला लागला की ते पोळपाटावर एक टक वाजवतात. ती हसते आणि विषय तिथेच थांबतो. मी हाच प्रयोग माझ्या घरी करून पाहिला. त्याचा तपशील इथे देत नाही.

रोजच्या कटकटींवर मी चिडतो. लाइट गेली की मी चिडतो, सिलिंडरचा नंबर लागला नाही की चिडतो, फोनवरची बाई इंग्रजीत "थांबा" म्हणाली की तिच्यावरही चिडतो. साडभाऊंना या गोष्टींचा राग येतच नाही. त्यांच्या दृष्टीने हे सगळं गाडी बंद पडणं आहे, आणि गाडी बंद पडली की काय करायचं हे त्यांना पाठ आहे: खाली उतरायचं, सावली शोधायची आणि पॅसेंजरला खरं सांगायचं. एकदा आम्ही दोघं बँकेत गेलो तर मशीन बंद. लोक ओरडत होते, त्यांत सर्वांत मोठा आवाज माझा होता. साडभाऊंनी शांतपणे जुन्या पावतीच्या मागे नंबर लिहिले, फाडून एकेकाच्या हातात दिले, म्हाताऱ्यांना बाकावर बसवलं आणि जाहीर केलं, "अर्धा घंटा तं कुठीच नाही गेला. ज्याले पानी प्याचं आहे त्यानं पिऊन घ्या, गाडी तुमाले सोडून जात नाही." मशीन सुरू झाली तेव्हा काउंटरवरचा साहेब खिडकीतून मान काढून त्यांच्याकडे बघत होता. साडभाऊंनी भिंतीवर दोन टक वाजवले, तेव्हा कुठे त्याने पहिल्या माणसाचं पासबुक घेतलं.

आता कॅरम. माझ्या शेडमध्ये रोज जेवणानंतर आमचा चौघांचा डाव बसतो: मी, साडभाऊ, बाजूच्या दुकानाचे टेलर आणि पलीकडच्या तांड्यावरचे दूधवाले काका, जे नेम चुकला की स्ट्रायकरला त्यांच्या गोरबोलीत, म्हणजे बंजारा भाषेत, असं काही म्हणतात की आम्ही अर्थ विचारत नाही. डावाच्या सोबतीला रेडिओ. आमच्या भागात एक लहानसं रेडिओ स्टेशन होतं. पन्नास गावांपुरतं त्याचं राज्य. दीड वाजता बाजारभाव, मग अडीचपर्यंत श्रोत्यांची फर्माइश. त्यावरच्या बाई कार्डावरची सगळी नावं वाचायच्या, आजोबांपासून पाळण्यातल्या पोरापर्यंत, एकही न गाळता. त्यावरून आमचा नियम ठरला होता: खेळ चालू असताना ज्याचं नाव रेडिओवर येईल त्याला एक हात जास्त, म्हणजे एक खेळी जादा. हा नियम जगात दुसरीकडे कुठे नसेल. त्यापायी आम्ही चौघांनी किती कार्डं लिहिली, सांगता येत नाही. टेलर तर गाणं कोणतं मागितलं हेसुद्धा विसरायचे; नाव वाजलं म्हणजे झालं.

रेडिओला हात लावायचा अधिकार एकट्या साडभाऊंचा. नोकरीत असताना दीड वाजता ते नेमके पुसदच्या अलीकडे कुठेतरी असायचे, म्हणून मोठी मेहुणी घरी कार्यक्रम टेप करून ठेवायची. रिटायर झाल्यावर ते समोर बसून ऐकायला लागले, तरी रेकॉर्डिंग सुटलं नाही. कॅसेटच्या जागी मोबाइल आला एवढंच. मी एकदा विचारलं, "भाऊ, इथं बसून ऐकून राह्यले, मंग रेकॉर्ड कायले करता?"

"स्टेपनी आहे, शेठ," ते म्हणाले. "गाडी कुठी पंक्चर होईल, सांगता येते का?"

मी हसलो होतो. पुढचं ऐका.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडावर यवतमाळचा एक दलाल माल घेऊन आला. एक जनरेटर, दोन टेबलं, एक लोखंडी कपाट आणि उंच मनोऱ्याचे सुटे केलेले अँगल. कुठल्याशा बंद पडलेल्या संस्थेचा माल आहे म्हणाला. मी माझ्या सवयीप्रमाणे जनरेटरला लाथ मारली, अँगल वाजवून पाहिले, आणि कपाटाच्या खालच्या कप्प्याला कुलूप असून किल्ली नाही, या एका मुद्द्यावर त्याला असा पिळला की जाताना तो पाणीही न पिता गेला. त्या दिवशी मी खूश होतो. अँगलवर हात फिरवत फिरवत सगळ्या शेडला सौदा ऐकवला. टेलरनी वा वा केलं. साडभाऊ मात्र कपाटाकडे बघत बराच वेळ उभे होते, आणि दीड वाजायच्या आत रेडिओपाशी जाऊन पाठ करून काहीतरी खुडबुड करत होते. आठ दिवस रेडिओ नुसता खरखरत होता, म्हणून मला वाटलं, सेल बदलत असतील.

त्यानंतर डाव रोजच्यासारखे चालू होते. फक्त साडभाऊंना एक नवीन दुखणं लागलं. बाजारभाव सुरू झाले की त्यांना ठसका लागायचा, आणि भाव संपले की ठसका संपायचा. एकदा बाहेर पत्रा तापून करपत होता आणि रेडिओवरच्या बाई म्हणाल्या, "हवेत सुखद गारवा आहे." मी मान वर केली, तर साडभाऊ घाईघाईने म्हणाले, "त्यायच्या खोलीत एशी असंन." मला ते पटलं. संशय आला तो वेगळ्याच गोष्टीवरून. रेडिओवर साडभाऊंचं नाव आलं आणि त्यांनी जास्तीचा हात घेतला नाही.

"काहून भाऊ? हात घ्या ना."

"राहू द्या, शेठ. बोट दुखून राह्यलं."

दोन दिवसांनी परत नाव आलं. राणी कोपऱ्याला टेकून उभी होती, पोरगंसुद्धा फुंकर मारून पाडेल अशी. साडभाऊ म्हणाले, "आज पोट भरलं आहे." कॅरमला पोटाचा काय संबंध? हाच माणूस सोंगटी रेषेला शिवली की नाही यासाठी दूधवाल्या काकांशी तासभर भांडलेला मी पाहिला आहे. माझ्या धंद्यात एक गोष्ट मी शिकलो: समोरचा कमी देतो तेव्हा तो दुकानदार असतो, पण समोरचा स्वतःचं हक्काचं घेत नाही तेव्हा काहीतरी दडवत असतो. मी स्ट्रायकर खाली ठेवला आणि सरळ रेडिओकडे गेलो.

"फिरवू नका तो," साडभाऊ म्हणाले. "चांगला वाजून राह्यला."

मी फिरवला. मागे पेन ड्राइव्ह खोचलेला होता आणि त्याचा लाल दिवा लुकलुकत होता. आतून बाई गेल्या वर्षीच्या कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा देत होत्या.

"किती दिवस?" मी विचारलं.

"एकेचाळीस," ते म्हणाले. कंडक्टर आहेत, आकडा चुकत नाही. "स्टेशन बंद पडलं, शेठ. गाडी पंक्चर झाली, मी स्टेपनी लावली. वार पाहून लावत होतो, सोमवारचा सोमवारले. आपलं नाव कवा येनार हे मले आधीच ठाऊक, मंग तो हात कसा घेऊ? ते बेइमानी झाली असती."

"अन् हे काय इमानदारी आहे?" मी ओरडलो. "टेलर, तुमाले ठाऊक होतं?"

"मी तं नको म्हणत होतो, शेठ," टेलर पावडर झटकत म्हणाले. दूधवाले काका गोरबोलीत काहीतरी बोलले, या वेळी अगदी हळू.

माझा आवाज रस्त्यापर्यंत गेला असेल. मी म्हणालो की आजपासून डाव बंद, बोर्ड भंगारात, कुणी माझ्या शेडची पायरी चढायची नाही. मी असं म्हणालो की करतोच. एका पाइपवाल्याशी मी सात वर्षं बोललेलो नाही. साडभाऊ उठले. मला वाटलं, चालले. ते त्या लोखंडी कपाटाजवळ गेले आणि खिशातून वाकवलेली तार काढून खालचा कप्पा उघडला, ज्याची किल्ली नाही म्हणून मी दलालाला पिळलं होतं तोच.

आत कार्डं होती. गावागावांच्या गठ्ठ्यांत, सुतळीने बांधलेली, जवळपास प्रत्येकावर पेन्सिलची बारीक खूण, वाचून झालं याची. आमचा गठ्ठा सगळ्यांत जाड होता.

"हे रेडिओवाल्यायचंच कपाट आहे," साडभाऊ म्हणाले. "अन् बाहेर जे अँगल पडले आहेत ना, तो टावर आहे, शेठ. त्या दिवशी तुमी त्याच्यावर हात फिरवून सांगून राह्यलते, किती स्वस्तात पाडला म्हणून. इतके खूश होते. मले सांगवलंच नाही. म्हटलं, यायले समजलं तं हे दलालाच्या अंगावर जातीन, मंग स्वतःवर चिडतीन, अन् डाव मोडंन. आपल्या चौघायपाशी दुपारची एवढी एक तं फेरी आहे."

त्यांनी गठ्ठ्यातून एक कार्ड ओढून माझ्यापुढे धरलं. त्यावर लिहिलं होतं, 'आज उमरखेडच्या गाडीवर शेवटची फेरी करणाऱ्या एका कंडक्टरसाठी'. खाली पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं.

"त्या दिवशी मी गाडीतच होतो. रातच्याले बायकोनं टेप ऐकवली," ते म्हणाले. "कोनं पाठवलं असंन, लय वर्षं इचार केला. अक्षर तुमच्या पावतीवर रोजच पाहतो मी, पन मले वाटलं, शेठ कायले असं करतीन?"

"टेलरचं असंन," मी म्हणालो.

"मले तं मराठी लिहाले बायको लागते," टेलर म्हणाले.

साडभाऊंनी कार्ड परत सुतळीत खोचलं, खुर्चीवर बसले आणि बोर्डाच्या कडेवर नाणं दोनदा वाजवलं. मी थोडा वेळ उभा राहिलो. मग बसलो. पाळी माझी होती आणि सोंगटी भोकाच्या काठाशी होती, म्हणून बसलो. दुसरं कारण नाही.

हा माणूस असा आहे. त्याच्यावर रागवायला बसलं की राग धरायला जागाच सापडत नाही. पण रागही वाया घालवणारा माणूस मी नाही, तो योग्य पत्त्यावर गेला पाहिजे. बेचाळिसाव्या दिवशी साडभाऊंनी त्यांच्याकडचं शेवटचं रेकॉर्डिंग लावलं, स्टेशन बंद पडायच्या आदल्या दिवसाचं. आम्ही डाव न मांडता ऐकलं. त्यात निरोप नाही. बाईंनी नेहमीसारखी सगळी नावं वाचली, त्यांत दूधवाल्या काकांच्या नातवाचं होतं, आणि शेवटी म्हणाल्या, "उरलेली कार्डं उद्या, याच वेळी." म्हणजे त्यांनाही कुणी सांगितलेलं नव्हतं.

त्या अँगलना तीन गिऱ्हाइकं येऊन गेली. मी प्रत्येकाला असा भाव सांगतो की तो आल्या पावली परत जातो. टेलर म्हणतात, शेठचं डोकं फिरलं. दुपारी दीडला साडभाऊ रेडिओ लावतात, आम्हाला सगळं ठाऊक असताना लावतात, आणि नाव आलं की आता मुकाट्याने जास्तीचा हात घेतात, कारण मीच तसा नियम केला. कधी कधी डाव संपल्यावर ते बाहेर जाऊन त्या आडव्या पडलेल्या मनोऱ्यावर नाण्याने एक टक वाजवतात. दुसरा वाजवत नाहीत.

माझ्या धंद्यात 'उद्या माल देतो' म्हटलं की सौदा झाला. मग पाऊस येवो की ट्रक उलटो, उद्या माल द्यावाच लागतो. पन्नास गावांना 'उद्या' सांगितलं गेलं होतं. त्या बाईंच्या तोंडचा शब्द त्यांच्या पाठीमागे ज्याने मोडला, ज्याने कुलूप न उघडता ते कपाट विकायला काढलं, तो कोण आहे? त्याने माझ्या शेडमध्ये यावं. पाणी मिळेल, चहा मिळेल, बसायला खुर्ची मिळेल. पण आमच्या गठ्ठ्यात खाली जी सात कार्डं आहेत, ज्यांवर पेन्सिलची खूण नाही, ती आता कोण वाचणार, हे साडभाऊंच्या डोळ्यांत बघून सांगितल्याशिवाय त्याला मी उठू देणार नाही.