राखणीचा कोंबडा

पिसं जाळल्याचा वास आला की मला तीस सालाच्या आसपासची ती दुपार आठवते. रत्नागिरीजवळच्या आमच्या गावात भात घरात आलं की शेताच्या राखणदाराला, म्हणजे शेत सांभाळणाऱ्या दैवताला, कोंबडा द्यायची रीत होती; ही राखण द्यायची चुकली तर तो घरधन्याला धरतो, त्याचा जीव घेतो, असं आम्ही ऐकत आलो होतो. त्या वर्षी बाबांनी मिशनात बाप्तिस्मा घेतला होता. घराघरांतून पिसांचा वास येत होता आणि आमचा तांबडा कोंबडा खळ्यात खुशाल दाणे टिपत होता. आईचा चेहरा पांढराफटक पडला होता. "अजून वेळ गेली नाय, देऊन टाका," ती हात जोडून म्हणाली. जन्मभर एकही उपास, एकही नवस न चुकवलेले आणि तरी भीतीनं कधी धड न झोपलेले बाबा म्हणाले, "जां काय द्यायचां होतां, तां येशूनं दिलान गो. आता मला निजू दे." आणि ते पेंढ्यावर आडवे झाले. भर दुपारी निजलेले बाबा मी कधी पाहिले नव्हते. मला वाटलं, धरलंच त्यांना. त्यांच्या छातीवर हात ठेवून, श्वास चाललाय ना बघत मी बसून राहिले. उन्हं कलली तेव्हा कोंबडा त्यांच्या उशाशी येऊन आरवला आणि मी किंचाळले. बाबा जागे झाले, आम्हा दोघींकडे बघून पोट धरून हसले. आज मी नेमानं प्रार्थना करते, पण घरात कुणी दुपारी गाढ झोपलं, की अजूनही आधी त्याच्या छातीकडे बघते.