तारीख न देणारं ऑफिस

आमच्या गल्लीत लग्नाची तारीख काढायची तर आधी कोयलीच्या रिफायनरीचं शटडाउन बघायचे. रिफायनरी दुरुस्तीसाठी बंद असली की कुठल्याच बापाला सुट्टी नसे. माझे वडील त्या कामाचं वेळापत्रक आखत, आणि मी त्यांच्या त्या चौकटींना हसायचे. मी पत्रकं वाटत बडोदेभर हिंडणारी. आमच्या संघटनेची सभा चौकात माणसं बघून बदलायची, तेच मला जिवंत वाटायचं.

म्हणून महापालिकेतला गटारलाइनचा तरुण अधिकारी म्हणाला की आमचं प्लॅनिंग फ्लेक्सिबल आहे, दर पंधरवड्याला लोकांशी बोलून कामं ठरवू, तेव्हा मला बरंच वाटलं.

शेजारच्या काकू तळमजल्यावर एकट्या. काका रिफायनरीतून निवृत्त होऊन वारले. मोरीच्या जाळीतून गटाराचं पाणी वर येऊन स्वयंपाकघरात शिरायचं. वाघोडियाला राहणारा त्यांचा मुलगा म्हणायचा, घर सोड, इकडे ये. काकूंना सुनेच्या घरात पाहुणी व्हायचं नव्हतं.

"तारीख तेवढी काढून आण गं. मग मी घाणीतसुद्धा तग धरीन."

मी त्यांनाच घेऊन ऑफिसात गेले.

"बेन, हवे अमे तारीख नथी आपता," अधिकारी हसून म्हणाला. म्हणजे आता तारीख देतच नाहीत. "तुमची गल्ली यादीत छे. या फेरीत नाही तर पुढच्या."

काकूंनी पुढची फेरी हीच तारीख धरली. शटडाउनच्या तारखांवर संसार केलेली बाई, दुसरं काय धरणार? मुलाला फोन केला, "पंधरा दिवस थांब." मग पुन्हा पंधरा दिवस. पुढे पुढे मुलगाच विचारायला लागला, "आई, कुठले पंधरा दिवस?"

मी वडिलांपुढे चिडचिड केली.

"आमच्या तारखा काय चुकत नव्हत्या?" ते म्हणाले. "चुकायच्या. पण चुकली की साहेबाला उभं करता यायचं. याला कशावर धरशील?"

संघटनेत आम्ही निदर्शनाचे फलक रंगवायला बसलो आणि अडकलो. कसली मुदत उलटली म्हणून ओरडायचं? मुदतच दिलेली नव्हती. प्लॅन वाकवणारे एसीत बसणार, आणि तो वाकला की पाणी काकूंच्या ओट्याखाली. ज्याच्या घरात पाणी शिरतं त्याला वाकवू द्या ना प्लॅन! तेव्हा म्हणा लवचीक.

शेवटी काकूंना पायाला इन्फेक्शन झालं आणि मुलगा टेम्पो घेऊन आला. गॅसची शेगडी चढवताना त्या मला म्हणाल्या, "काम झालं की कळव हं." सून पुढे बसली होती. काकू मागे, सामानाजवळ बसल्या.

मी तडक ऑफिसात गेले. भांडायलाच. अधिकाऱ्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि स्क्रीनकडे बघितलं.

"मासी जता रह्या? घर सोडून गेल्या ना? मग घर रिकामं. ती फरियाद क्लोज करू."

त्यानं माझ्यासमोर गल्ली यादीत खाली सरकवली. काकूंची तक्रार त्या पंधरवड्याच्या पूर्ण झालेल्या कामांत गेली.