लंबूभाऊंचा सारस

तेवीस वर्षं मी लंबूभाऊंच्या तोंडात वाक्यं घातली आणि टाळ्या मात्र त्यांनी खाल्ल्या. याबद्दल माझी काही तक्रार नाही, असं म्हटलं तर खोटं होईल. मी झाडीपट्टीतल्या नाटक कंपनीतला प्रॉम्प्टर. आमच्याकडे नट पाठांतराच्या भानगडीत पडत नाहीत. स्टेजपुढच्या खड्ड्यात बसून प्रॉम्प्टरने वाक्य फेकायचं आणि नटाने झेलायचं. लंबूभाऊ आमचे कॉमेडियन. अंगाने बांबू, आणि एंट्री झाली की तोंड उघडायच्या आत मंडप हसायचा. “मास्तर, मले फक्त पह्यलं वाक्य द्या, पुढचं मी खराब करतो,” असं ते मला बजावत आणि दिलेला शब्द पाळत.

पुढे त्यांचे गुडघे कुरकुरू लागले, तेव्हा भंडाऱ्यातल्या एका लोकल चॅनेलच्या मालकाने त्यांना वन्यप्राण्यांचा कार्यक्रम देऊ केला. लंबूभाऊंनी रान पाहिलं होतं ते सकाळी लोटा घेऊन जाण्यापुरतं. पण मालकाचं डोकं सरळ होतं: माणूस हसवतो ना, मग मागे एक हरीण उभं करा. लंबूभाऊंनी एकच अट घातली. “मास्तर झुडपात बसले तं मी बोलतो.”

झालं! पन्नाशी उलटल्यावर मी वही घेऊन पळसाच्या झुडपात बसू लागलो. मला मुंग्या चावायच्या आणि बाहेर लंबूभाऊ सांगायचे, “हे धामण. बिनविषारी हाय. हिले भ्यायचं काहीच काम नाही.” हे ते मोहाच्या फांदीवर चढून सांगत होते. प्रत्येक वाक्यानंतर हशासाठी थांबायची स्टेजची खोडही त्यांनी रानात आणली होती. तिथे हसणार कोण? एकदा अशाच थांब्यात वानर खाकरलं, तर यांनी त्याला वाकून नमस्कार केला. घराघरांत लोक पोट धरून हसले. मालक खूश होता.

पण माणूस हळूहळू बिघडत गेला. कुठून कुठून पुस्तकं आणून वाचू लागला, तळ्याच्या पाळीवर तासन् तास बसू लागला. एक दिवस मी झुडपातून ‘बगळा’ असं वाक्य दिलं, तर हे कॅमेऱ्यासमोरच म्हणाले, “बगळा नाही जी मास्तर, घोंगल्याफोडा हाय तो, गोगलगायी फोडून खाते. चोचीत फट दिसून राहिली ना?” तेवीस वर्षांत माझं वाक्य दुरुस्त करण्याची त्यांची ही पहिलीच वेळ. दोन दिवस मी त्यांच्याशी धड बोललो नाही.

आणि मग लाखांदूरकडचं ते प्रकरण झालं. सदारामभाऊ नावाच्या शेतकऱ्याच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, नुकतीच धानाची रोवणी झाली होती. सारसाच्या जोडीने त्यातलीच रोपं उपटून मधोमध घरटं रचलं आणि दोन अंडी घातली. सदारामभाऊ उद्या ते घरटं उचलून फेकणार, असं कळलं आणि लंबूभाऊ कॅमेऱ्यासकट आम्हाला घेऊन तिथे पोचले. कॉमेडियन आला म्हणून अख्खं गाव धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, जमलं.

लंबूभाऊंनी हात जोडले. “भाऊ, आपल्या जिल्ह्यात हे पक्षी बोटावर मोजाइतके राहिले. एक महिना राहू दे.”

लोक हसले.

“मी खरं बोलून राहिलो जी.”

लोक आणखी हसले. लंबूभाऊंच्या डोळ्यांत पाणी आलं, तर मागून कोणी तरी ‘वन्स मोअर’ दिला. सदारामभाऊ हसून हसून डोळे पुसत म्हणाला, “लई झकास केलं जी. पण घरटं तं मी उद्या काढतोच. किती रोवणा उपटला माहा!”

लंबूभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. वाक्य मागत होते. मी वही चाळली. एवढ्या वर्षांत मी त्या माणसाला रडायचं एकही वाक्य दिलं नव्हतं, कारण ते कोणी ऐकलंच नसतं. मला माझीच लाज वाटली.

तेव्हा ते धुऱ्यावर चिखलातच बसले आणि गप्प झाले. आता उठतील, आता काही तरी करतील, म्हणून लोक थांबले. अर्धा तास गेला. दुपार झाली, तसे कंटाळून एकेक जण जेवायला निघून गेले. उरला सदारामभाऊ.

“काहून चूप बसले जी?” त्याने विचारलं.

“बोललो का तुमी हासता. तू जा जेवाले. मी बसतो अठीच.”

मादी अंड्यांवर येऊन बसली. सदारामभाऊ बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला, मग तोही लंबूभाऊंशेजारी टेकला.

“एकच महिना ना जी?” तो म्हणाला.

“यात कॉमेडी कुठे आहे?” असं म्हणून मालकाने तो भाग दाखवला नाही, आणि पुढे कार्यक्रमच गुंडाळला. मी चडफडलो. लंबूभाऊ मजेत होते. “दोन अंडे होते, दोन पिल्ले निघाले. आपल्या कोणत्या नाटकाले एवढं यश भेटलं, मास्तर?”

गेल्या उन्हाळ्यात लंबूभाऊ गेले. मी खूप रडलो. रोवणीच्या दिवसांत एसटीने जाऊन मी सदारामभाऊला ते सांगितलं. बाया रोवत रोवत बांधीच्या मधोमध आल्या, तेव्हा तो धुऱ्यावरून म्हणाला, “तेवढी जागा सोडा वो बाई.”

तीन वर्षं झाली, तिथे सारस उतरलेले नाहीत, हे मला ठाऊक होतं.

“आता कुठे येतात ते?” मी म्हणालो.

“आले तं?” सदारामभाऊ म्हणाला.