कौशल्याबाईंची मिसरी

मोशीच्या गावठाणात कौशल्याबाईंच्या दारापुढे ओटा आहे. रोज सकाळी शेजारच्या सावित्रीबाई डबी घेऊन येतात आणि दोघी बोटावर मिसरी घेऊन घासायला बसतात. घासता घासता भावकीच्या सोयरिकी, समोरच्या सोसायटीचे पाण्याचे टँकर, कुणाची सून कितीला उठते, सगळं उरकतं. मिसरी सावित्रीबाईच भाजतात, दोघींची. त्या दिवशी आख्खी गल्ली शिंकते. लग्न होऊन इथं आल्यापासून कौशल्याबाईंनी दुसऱ्या कुणाची मिसरी तोंडाला लावलेली नाही.

त्यामुळे पुढचे खालचे दोन दात हलायला लागले तेव्हा त्यांना दुखण्यापेक्षा अपमानच जास्त वाटला. सुनेनं, स्वप्नालीनं, त्यांना स्कूटीवर बसवून दातांच्या डॉक्टर जास्मिनकडे नेलं.

"रोज दात घासता ना, मावशी?"

"घासते की. उठल्यावर, च्याच्या आदी, जेवल्यावर. टीव्ही बघताना बी."

डॉक्टर खूश झाल्या. मग त्यांनी तोंड उघडायला लावलं आणि खुशी गेली.

"कशानं घासता?"

"मिसरीनं."

स्वप्नाली छताकडे बघू लागली.

"मावशी, ती भाजलेली तंबाखू असते."

"भाजलेलीच. कच्ची आमी घेत न्हाई."

डॉक्टरांनी आरसा हातात दिला. दातांच्या मुळाशी काळं कीटण चढलं होतं, हिरड्या खाली सरकल्या होत्या आणि गालाच्या आत एक पांढरा चट्टा होता.

"दात कदाचित वाचवू. कीटण मी काढते, तुम्ही मऊ ब्रश घ्या. वाटाण्याएवढी पेस्ट, सकाळी आणि झोपताना, हळू. पण मला या चट्ट्याची काळजी आहे. मिसरी आजपासून बंद. पंधरा दिवसांत नाही गेला तर तुकडा काढून तपासायला लागेल."

"आन सावित्रीला काय सांगू?"

"त्या कोण?"

"मिसरीवाली. माझ्या शेजारची."

"त्यांचेही दात दाखवायला आणा."

"तिला दात न्हाईत. हिरड्यांना लावती."

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

दुसऱ्या दिवशी डबी पुढे आली तेव्हा कौशल्याबाईंनी बोट मागे घेतलं.

"माझी मिसरी कडू लागाय लागली व्हय?"

"डॉक्टरीण न्हाई म्हणली."

"डॉक्टरीण हितं येऊन बसणार हाय का तुझ्यासंगं?" सावित्रीबाईंनी झाकण लावलं आणि घरी गेल्या.

त्यानंतर त्या आल्या नाहीत. कौशल्याबाई ओट्यावर एकट्या बसून ब्रश फिरवायच्या. सोसायटीत टँकर आला, गेला, कुणाशीच काही बोलणं झालं नाही. ब्रशपेक्षा हे जड होतं. मिसरी परत लावावी, असं त्यांच्या मनात रोज यायचं.

एका सकाळी त्या ब्रश तोंडात घालूनच उठल्या आणि सावित्रीबाईंच्या उंबऱ्यावर जाऊन बसल्या.

सावित्रीबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. "फेस येतोय तुला."

कौशल्याबाईंनी मान हलवली.

"बोलाया येत न्हाई त्यात?"

नाही, अशी मान.

"मंग बरं हाय," म्हणून सावित्रीबाई शेजारी टेकल्या. साठवलेलं सगळं सुरू झालं: चुलतजावेच्या भिशीचं भांडण, टँकरवाल्यानं मोडलेला नळ, मोडलेली सोयरीक. मध्ये कुणी तोडलं नाही. असा निवांत ऐकणारा माणूस त्यांना पहिल्यांदाच मिळाला होता.

कौशल्याबाईंनी चूळ भरली आणि मोबाईलचा टॉर्च लावला. "आ कर."

"कशाला?"

"गाल बघू दे."

सावित्रीबाईंनी तोंड उघडलं. दोन्ही गालांत पांढरं होतं, कौशल्याबाईंपेक्षा मोठं. टॉर्च बंद करायचा राहिला.

"काय हाय?"

"मंगळवारी मला परत बोलावलंय, माझ्यासंगं चल. डॉक्टरीण दातबीत बघत न्हाई निस्तं. गाल बी बघती."

सावित्रीबाईंनी पदरानं ओठ पुसले. "स्कूटीवर तिघी मावू?"

"न्हाई. स्वप्नाली मला न्हेती, तू रिक्षानं ये."

"न्हाई. मंग तू बी रिक्षानं."